प्रीपेडवरून मासिक बिलावर जाताना जुना नंबर कायम कसा ठेवावा

दर वेळी रिचार्जची तारीख लक्षात ठेवण्याचा कंटाळा आला, किंवा वापर इतका वाढला की प्रीपेडचा हिशेब परवडेनासा झाला, की माणूस पोस्टपेडचा, म्हणजे आधी वापर आणि नंतर बिल अशा मासिक प्लॅनचा विचार करू लागतो. त्याच वेळी बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सगळीकडे दिलेला नंबर हातचा जाईल की काय, ही शंका त्याला मागे ओढते. ही शंका बरीचशी अनाठायी आहे, पण पूर्णपणे नव्हे. नंबर टिकवण्याची सोय आज अनेक देशांत कायद्याने दिलेली आहे; तरीही नंबर गमावल्याच्या तक्रारी कानावर येतात आणि माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रकरणांत घोळ झाला तो पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे. म्हणून या लेखात काय करायचे याइतकाच भर काय आधी आणि काय नंतर करायचे यावर दिला आहे.

नंबर नेमका कुठे असतो

क्रमाला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. नंबर सिम कार्डात भरलेला असतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सिमची स्वतःची ओळख वेगळी असते. ती जास्तीत जास्त १५ अंकांची असते आणि ती कोणाला सांगण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. कंपनीच्या मध्यवर्ती डेटाबेसमध्ये ही सिमची ओळख आणि आपला नंबर यांची जोडी लावलेली असते. सिम हरवल्यावर नव्या सिमवर तोच नंबर मिळतो तो याच कारणाने: नोंदीतली सिमची ओळख बदलते, नंबर जागच्या जागी राहतो.

प्रीपेड की पोस्टपेड, हाही त्याच नोंदीतला एक रकाना समजावा. प्रीपेड ग्राहकाने फोन लावला की जोडणी देण्यापूर्वी यंत्रणा शिल्लक तपासते आणि बोलणे चालू असतानाच पैसे वळते करत जाते. पोस्टपेड ग्राहकाच्या वापराच्या नोंदी साठत जातात आणि ठरलेल्या तारखेला त्यांचे बिल निघते. याचा अर्थ असा, की कंपनी तीच ठेवून फक्त प्लॅनचा प्रकार बदलायचा असेल, तर नंबरला कुठेही जावे लागत नाही. त्याच्यापुढचा शेरा तेवढा बदलतो आणि पुष्कळदा सिमसुद्धा तेच राहते.

दुसऱ्या कंपनीत जाताना मात्र नंबरला खरोखरच घर बदलावे लागते. पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या अंकांवरून तो कोणत्या कंपनीचा हे ठरत असे आणि फोन त्या कंपनीकडे धाडला जाई. नंबर कंपन्या बदलू लागल्यावर ही ओळख पुरेशी राहिली नाही, म्हणून कोणता नंबर सध्या कोणाकडे आहे हे सांगणारी सामायिक नोंद ठेवावी लागली. नंबर पोर्ट करणे म्हणजे जुन्या कंपनीची संमती घेऊन ती नोंद नव्या कंपनीच्या नावे करणे. ही सोय सिंगापूरने १९९७ मध्ये आणि ब्रिटनने १९९९ मध्ये सुरू केली. अमेरिकेत मोबाइल ग्राहकांना ती नोव्हेंबर २००३ पासून मिळाली. भारतात ती २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू होऊन २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली.

आता मुख्य मुद्दा. बदल करायचा तर ही नोंद जिवंत असावी लागते. प्रीपेड जोडणी तुम्ही स्वतः बंद करून टाकली, किंवा रिचार्ज न केल्याने ती कंपनीने बंद केली, तर नंबर कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेने करार संपल्यानंतरही किमान एक महिना नंबर नेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, पण अशा सवलतीच्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही. जुनी जोडणी आपण होऊन बंद करायची नाही. बदल पूर्ण झाला की ती आपोआप बंद होते.

हे मी अनुभवाने शिकलो. एकदा नव्या कंपनीकडे अर्ज दिल्यावर, दोन्हीकडे पैसे जायला नकोत अशा हिशेबी वृत्तीने मी जुन्या कंपनीला फोन करून जोडणी बंद करायला सांगितली. एरवी कशालाही वेळ लावणाऱ्या त्या कंपनीने हे काम मात्र त्याच संध्याकाळी केले. दोन दिवसांनी नव्या कंपनीचा संदेश आला, 'नंबर सक्रिय नसल्याने विनंती नामंजूर'. नंबर परत मिळाला, पण त्यासाठी अर्ज, ओळखपत्राच्या प्रती आणि जवळजवळ दोन आठवड्यांच्या खेपा खर्ची पडल्या.

कंपनी तीच ठेवावी की बदलावी

घरी आणि कामाच्या ठिकाणी रेंज चांगली असेल आणि तक्रार केवळ रिचार्जच्या कटकटीची असेल, तर कंपनी बदलू नये. तिथल्या तिथे प्रकार बदलणे हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. रेंजच मिळत नसेल, तर प्रीपेडचे पोस्टपेड केल्याने ती मिळू लागणार नाही. टॉवर तेच असतात. अशा वेळी पोर्ट करणेच योग्य. मात्र ज्या कंपनीत जायचे तिचे एखादे स्वस्त प्रीपेड सिम आठवडाभर फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून रेंज पाहून घ्यावी; नकाशावर दाखवलेली रेंज आणि स्वयंपाकघराच्या भिंतीआड मिळणारी रेंज यांत फरक असतो.

दोन्ही गोष्टी करायच्या असतील, म्हणजे कंपनीही बदलायची आणि पोस्टपेडही व्हायचे, तर काही जण आधी जुन्या कंपनीत पोस्टपेड होतात आणि मग पोर्ट करतात. माझ्या मते हा द्राविडी प्राणायाम आहे. प्रीपेड ग्राहकाकडे कंपनीची थकबाकी सहसा नसतेच, त्यामुळे पोर्टची विनंती फेटाळण्याचे एक मोठे कारण मुळातच उरत नाही. एकदा पोस्टपेड झालात की बिलाचे चक्र, थकीत रक्कम, कराराची मुदत अशा गोष्टी आड येऊ शकतात. भारतात तर पोस्टपेड ग्राहकाचे आधीचे देय बिल बाकी असेल तर पोर्टचा कोडच मिळत नाही. तेव्हा प्रीपेड असतानाच थेट नव्या कंपनीच्या पोस्टपेड प्लॅनसाठी अर्ज करावा.

अर्जापूर्वीची तयारी

सर्वांत आधी नंबर कोणाच्या नावावर आहे ते तपासावे. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा अडते. प्रीपेड सिम घेताना घरातील मोठ्या माणसाचे ओळखपत्र दिलेले असते, किंवा नंबर नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला असतो आणि कागदोपत्री मालकी संस्थेची असते. आपण तो दहा वर्षे वापरत असलो, तरी कंपनीच्या लेखी ग्राहक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. कंपनीच्या ॲपमध्ये खात्याच्या माहितीत नाव दिसते. तिथे न दिसल्यास ग्राहक सेवेला फोन करून विचारावे. नाव दुसऱ्याचे असेल तर आधी नंबर रीतसर आपल्या नावावर करून घ्यावा आणि ते काम पूर्ण झाल्याची लेखी किंवा संदेशाने खातरजमा झाल्यावरच पुढे जावे, कारण नावबदलाची प्रक्रिया अर्धवट असताना केलेली पोर्टची विनंती फेटाळली जाऊ शकते. नाव आपलेच असले तरी त्याचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि पत्ता ओळखपत्राशी जुळतो का, हेही पाहावे. काही देशांत प्रीपेड सिम नावनोंदणीशिवाय मिळते. तिथे आधी खात्यावर नाव नोंदवून घेतल्याशिवाय मालकी सिद्ध करणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट शिलकीची. प्रीपेडमधील उरलेला डेटा, मिनिटे आणि टॉकटाइम पोर्ट करताना नव्या कंपनीत येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते वाया जाते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे ग्राहकाने मागितल्यास उरलेली रक्कम परत मिळते, पण मागावी लागते. म्हणून वर्षभराचे रिचार्ज नुकतेच केले असेल, तर बदल पुढे ढकलणे हिताचे. मात्र मुदत अगदी शेवटच्या दिवसापर्यंतही ताणू नये: पोर्ट होण्यापूर्वीच वैधता संपली, येणारे संदेश बंद झाले आणि त्यामुळे ओटीपी आला नाही, तर सगळी विनंती लटकते. मुदत संपायला आठवडा ते दहा दिवस उरले असताना अर्ज करणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे फोन स्वतःच. कंपनीकडून सवलतीत घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमपुरता लॉक केलेला असू शकतो. नंबर पोर्ट होईल, पण नवे सिम त्या फोनमध्ये चालणार नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे ही याची साधी परीक्षा. लॉक असेल तर तो आधी उघडून घ्यावा. त्यासाठी फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक लागतो आणि तो स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल केल्यावर पडद्यावर येतो.

चौथी गोष्ट पतची. पोस्टपेड म्हणजे कंपनीने दिलेली उधारीच असते, त्यामुळे काही देशांत अर्जदाराची पत तपासली जाते आणि ती पुरेशी नसल्यास अर्ज नाकारला जातो किंवा अनामत रक्कम मागितली जाते. नकार मिळाला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण जुनी जोडणी तुम्ही बंद केलेली नसते आणि नंबर प्रीपेडवर पूर्वीसारखाच चालू राहतो. अनामत किती आणि ती परत कधी मिळणार, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

याशिवाय काही किरकोळ कामे आहेत, ती अर्जाच्या आदल्या दिवशी उरकावीत. सिमवर साठवलेले संपर्क फोनमध्ये किंवा ईमेल खात्यात उतरवून घ्यावेत, कारण सिम बदलले की ते जुन्या कार्डातच राहतात. व्हॉइसमेलमध्ये जपून ठेवण्यासारखे काही असेल तर ते उतरवून घ्यावे. बँकेतून आपोआप होणारे रिचार्ज लावलेले असेल, तर ते बदल पूर्ण झाल्यावर लगेच थांबवण्यासाठी टिपून ठेवावे. आधी थांबवले आणि पोर्ट लांबला, तर वैधता संपण्याचा वर सांगितलेला धोका उभा राहतो.

त्याच कंपनीत पोस्टपेड होताना

हा मार्ग सोपा असल्याने थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा कंपनीच्या ॲपवर, संकेतस्थळावर किंवा दुकानात सध्याच्याच नंबरने 'प्रीपेडवरून पोस्टपेड' असा पर्याय निवडावा. इथे एक सापळा आहे. 'नवी पोस्टपेड जोडणी' हा पर्याय दिसायला ठळक असतो आणि तो निवडला की नवा नंबर गळ्यात पडतो. दुकानातही 'मला पोस्टपेड हवे' असे मोघम न सांगता 'हाच नंबर पोस्टपेड करून हवा आहे' असे म्हणावे आणि अर्जावर तोच नंबर छापून आला आहे ना, हे सही करण्यापूर्वी एकेक अंक बोट ठेवून वाचावे.

त्यानंतर प्लॅन निवडून ओळख पटवावी लागते. भारतात सप्टेंबर २०२१ पासून हा बदल ओटीपीच्या आधारे घरबसल्या करता येतो. परत फिरायचे असल्यास पूर्वी ९० दिवस थांबावे लागे. जून २०२५ मध्ये पहिल्यांदा परत फिरण्यासाठी ही मुदत ३० दिवसांवर आणली गेली. अर्थात प्लॅन आवडला नाही तर दुसऱ्याच दिवशी प्रीपेडवर परतू, असे गृहीत धरू नये. तुमच्याकडे कोणती मुदत लागू आहे हे अर्ज करतानाच विचारावे.

तिसऱ्या टप्प्यात कंपनी बदल प्रत्यक्ष अंमलात आणते. सिम तेच राहणार असेल तर फोन एकदा बंद करून चालू करणे पुरते. नवे सिम दिले असेल तर जुन्या सिमची सेवा बंद झाल्याशिवाय नवे घालू नये. ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवलेले सिम, असेल तर विशेष जपावे: नवे प्रोफाइल, म्हणजे त्या सिमची माहिती, फोनवर उतरून चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुने प्रोफाइल पुसू नये, आणि कंपनीने पाठवलेला क्यूआर कोड एकदाच चालतो असे समजून घरातल्या वाय-फायजवळ बसूनच तो स्कॅन करावा, कारण त्या वेळी मोबाइल डेटा चालू असेलच असे नाही.

दुसऱ्या कंपनीत नंबर नेताना

इथे सगळा खेळ एका कोडचा असतो. 'हा नंबर माझा आहे आणि तो नेण्यास जुन्या कंपनीची हरकत नाही' याचा तो पुरावा. त्याचे नाव आणि तो मिळवण्याची पद्धत देशागणिक बदलते.

ब्रिटनमध्ये त्याला पॅक म्हणतात. १ जुलै २०१९ पासून 'पीएसी' ही तीन अक्षरे रोमन लिपीत ६५०७५ या क्रमांकावर एसएमएसने पाठवली की तो मिळतो. तीन अक्षरे आणि सहा अंक अशी त्याची रचना असते आणि तो ३० दिवस चालतो. उत्तरातच प्रीपेडमधील शिल्लक किंवा करार मोडण्याचा खर्च कळवलेला असतो. नव्या कंपनीला तो दिल्यावर एका कामकाजाच्या दिवसात नंबर हलतो.

भारतात 'पोर्ट' हा शब्द रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून, आपला दहा अंकी नंबर १९०० वर पाठवायचा असतो. उत्तरादाखल आठ अक्षर-अंकांचा युपीसी कोड येतो. बहुतेक परिमंडळांत, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांत, त्याची मुदत केवळ चार दिवसांची असते, म्हणून प्लॅन ठरवून, कागदपत्रे हाताशी ठेवून मगच कोड मागवावा. त्याच परिमंडळात पोर्ट होण्यास तीन आणि दुसऱ्या परिमंडळात जाण्यास पाच कामकाजाचे दिवस लागतात. जोडणी सुरू होऊन किंवा आधीचा पोर्ट होऊन ९० दिवस झालेले असावे लागतात. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे: सिम बदलल्यापासून सात दिवसांत कोड मिळत नाही. जुने सिम खराब झाले म्हणून आधी नवे घेऊ आणि मग पोर्ट करू, असा बेत असेल तर हा आठवडा धरून चालावे. अर्ज दिल्यानंतर मन बदलले, तर २४ तासांच्या आत 'कॅन्सल' हा शब्द आणि आपला नंबर १९०० वरच पाठवून विनंती मागे घेता येते.

अमेरिकेत जुन्या कंपनीचा खाते क्रमांक आणि नंबर हलवण्यासाठीचा पिन, अशा दोन गोष्टी लागतात. प्रीपेड ग्राहकाला बिलच येत नसल्याने आपल्याला खाते क्रमांक असतो हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तो ॲपमध्ये शोधावा किंवा ग्राहक सेवेकडून मागून घ्यावा. काही खात्यांवर नंबर चोरीपासून वाचवण्यासाठी कुलूप लावलेले असते, ते आधी काढावे लागते. तिथल्या नियमांप्रमाणे थकबाकी आहे म्हणून जुनी कंपनी नंबर अडवून ठेवू शकत नाही.

कोड मिळाला म्हणजे जुनी जोडणी संपली असे नव्हे. तो नुसता पडून राहिला तर मुदत संपून निरुपयोगी होतो आणि काहीच बिघडत नाही. मात्र जुनी कंपनी या टप्प्यावर जागी होते आणि सवलती देणारे फोन येऊ लागतात. ती सवलत खरोखर चांगली असेल तर स्वीकारावी, पण लेखी घेतल्याशिवाय नाही. आणि कोड विचारणारा फोन आला, मग तो कंपनीच्या नावाने का असेना, तर कोड देऊ नये. हा कोड ज्याच्या हाती, त्याला तुमचा नंबर, आणि त्यामागून तुमचे ओटीपी, पळवून नेण्याची वाट खुली होते.

कोड नव्या कंपनीला देताना तो वाचून सांगण्याऐवजी लिहून दाखवावा. माझ्या घरच्या एका पोर्टमध्ये दुकानातल्या मुलाने कोडमधील शून्याच्या जागी रोमन 'ओ' भरला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते. विनंती परत आल्यावर चूक शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला, आणि तोवर कोडच्या मुदतीचे तास घटत होते. संदेशातून कोड कॉपी करून थेट अर्जात चिकटवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

नवे सिम अनेकदा एका तात्पुरत्या नंबरासह येते. पोर्ट पूर्ण होईपर्यंत त्यावर फोन करता येतो, पण तो नंबर कोणालाही देऊ नये, कारण पोर्टच्या दिवशी त्याची जागा तुमचा जुना नंबर घेतो. अर्जावर 'नंबर पोर्ट करणे' असा रकाना भरलेला आहे की नाही, हे इथेही पाहावे. तो रिकामा राहिला तर तात्पुरता नंबरच कायमचा होऊन बसतो.

बदलाचा दिवस

पोर्टची वेळ कंपनी संदेशाने कळवते. ती पुष्कळदा रात्रीची किंवा पहाटेची असते. त्या दिवशी बँकेचे मोठे व्यवहार, प्रवासाची तिकिटे, ओटीपी लागणारी कोणतीही निकडीची कामे ठेवू नयेत. जुन्या सिमच्या रेंजच्या रेघा नाहीशा होऊन 'सेवा नाही' असे दिसू लागले की बदल सुरू झाला असे समजावे. आता फोन बंद करून नवे सिम घालावे आणि पुन्हा चालू करावा. नव्या सिमला पिन विचारला गेला तर अंदाजाने आकडे टाकू नयेत: तीनदा चुकल्यास सिम अडते, ते उघडण्यासाठी कंपनीकडचा पीयूके कोड लागतो आणि तोही दहादा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते.

काही तास अशी अवस्था येऊ शकते की फोन लागतो पण येत नाही, किंवा एका कंपनीच्या लोकांचे फोन येतात आणि दुसरीच्या लोकांचे येत नाहीत. हे बिघाडाचे लक्षण नसते. नंबर आता नव्या घरी आहे ही नोंद सर्व कंपन्यांच्या यंत्रणांत एकाच क्षणी पोचत नाही. एक दिवस वाट पाहावी. मग तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नंबरांवरून स्वतःला फोन करवून घ्यावा, एसएमएस पाठवून आणि मागवून पाहावा, वाय-फाय बंद करून इंटरनेट चालते का ते तपासावे. इंटरनेटच चालत नसेल तर जुन्या कंपनीची डेटा जोडणीची सेटिंग फोनमध्ये राहिलेली असण्याची शक्यता मोठी. ती नव्या कंपनीच्या ॲक्सेस पॉइंटने बदलावी.

बँकेचे संदेश वेगळे तपासावेत. भारतात सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएसची सोय सुरक्षेसाठी रोखून धरली जाते, त्यामुळे ओटीपी न आल्याने घाबरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. काही बँकांची ॲप नवे सिम ओळखून पुन्हा नोंदणी मागतात, तीही नंतर निवांतपणे करावी. संदेशवहनाच्या ॲपमध्ये मात्र काहीही करायचे नसते. नंबर तोच असल्याने खाते आणि गप्पा जशाच्या तशा राहतात. 'नंबर बदला' हा पर्याय चुकूनही उघडू नये.

विनंती अडली तर

नकाराचा संदेश आला की त्यातले कारण आधी नीट वाचावे. नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, कोड चुकला असेल किंवा मुदत संपली असेल, तर दुरुस्ती करून नवा कोड घेतल्यावर काम होते. कारण पटत नसेल तर नव्या कंपनीच्या मागे लागावे, जुन्या नव्हे. नवा ग्राहक मिळवण्यात तिचे हित असते, आणि पोर्टचा पाठपुरावा तिच्याच कर्मचाऱ्यांच्या हाती असतो. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून ठेवावा. कंपनीच्या तक्रार निवारणाच्या सगळ्या पायऱ्या संपल्यावर नियामकाकडे किंवा लोकपालाकडे जाण्याची वेळ आली, तर हाच कागद उपयोगी पडतो. विलंबाची भरपाई काही देशांत ग्राहकाला मिळते. ब्रिटन हे त्याचे उदाहरण.

आणि नंबर निम्म्यात अडकला, जुने सिम बंद झाले पण नवे चालू झाले नाही, तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. अशा वेळी 'माझा नंबर सध्या कोणाच्या नोंदीत आहे?' हा एकच प्रश्न विचारत राहावा. त्याचे उत्तर मिळाले की जबाबदारी कोणाची हे ठरते.

पहिले बिल

नंबर टिकला तरी पहिले बिल पाहून अनेकांना धक्का बसतो. बिलाचे चक्र ठरावीक तारखेला सुरू होते. तुम्ही मध्येच जोडले गेलात तर त्या उरलेल्या दिवसांचे भाडे आणि काही कंपन्यांत त्यात पुढच्या संपूर्ण महिन्याचे आगाऊ भाडे, असे दोन्ही पहिल्या बिलात येते, शिवाय कर वेगळे. दुसऱ्या बिलापासून रक्कम ठरल्याप्रमाणे दिसावी. दिसली नाही, तर विकत घेतल्याचे आठवत नसलेल्या एखाद्या सेवेची ओळ बिलात असते. ती शोधून बंद करवून घ्यावी.

प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की खर्च आपोआप थांबतो. पोस्टपेडमध्ये थांबत नाही, म्हणून जोडणी सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन खर्चाची मर्यादा लावावी आणि परदेशातील रोमिंग गरज नसेल तर बंद ठेवावे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नव्या ग्राहकाला अशी मर्यादा देऊ करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. इतरत्र ती पुष्कळदा मागून घ्यावी लागते. बिलाचा ईमेल कोणत्या पत्त्यावर जातो तेही त्याच वेळी पाहावे. दुकानात घाईत लिहिलेला पत्ता चुकलेला असला तर बिल कळत नाही, थकते, आणि शेवटी थकबाकीपायी सेवा बंद होते. जुने सिम पहिले बिल भरेपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवावे, आणि मग सोनेरी चिपवरून कात्री फिरवून ते टाकून द्यावे.